बत्तीस किलोमीटर रुंदीचे आकाश

फ्रँकफर्ट ते बर्लिन हे हवाई अंतर सुमारे ४३० किलोमीटर. आज विमानाला जेमतेम तासभर लागतो. शीतयुद्धाच्या काळात मात्र हा प्रवास एका कागदावर अवलंबून होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम बर्लिन सोव्हिएत ताब्यातील प्रदेशाने चहूबाजूंनी वेढलेले होते. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी हॅम्बुर्ग, हॅनोव्हर व फ्रँकफर्ट या दिशांनी बर्लिनला जाणारे तीन हवाई मार्ग विजेत्या राष्ट्रांनी लेखी मान्य केले. प्रत्येकाची रुंदी अवघी ३२ किलोमीटर. रस्ते आणि रेल्वेसाठी असा लेखी करार झालाच नव्हता.

जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग रोखले. आकाश तेवढे खुले राहिले. फ्रँकफर्टहून निघालेली विमाने दक्षिणेच्या मार्गाने टेम्पलहोफला उतरत. समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून मधल्या मार्गाने हॅनोव्हरकडून परतत. परतीची वाट लांबची, पण सुरक्षित. एप्रिल १९४९ मध्ये चोवीस तासांत १,३९८ उड्डाणे झाली, म्हणजे जवळजवळ मिनिटाला एक! १२ मे रोजी नाकेबंदी उठली.

हवाई निर्बंध मात्र जर्मनीच्या एकीकरणापर्यंत टिकले. लुफ्थान्सा या जर्मन कंपनीला बर्लिनची नियमित सेवा पुन्हा सुरू करण्यासाठी ऑक्टोबर १९९० उजाडावा लागला. नकाशावरचे ४३० किलोमीटर तेच होते; ते ओलांडण्याचा अधिकार मात्र पंचेचाळीस वर्षे दूर होता.