बारा व्होल्ट, पन्नास अँपिअर

औरंगाबादजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्यामागोमाग सुट्या भागांचे पुरवठादार आले. गावाकडून कामाला आलेली कुटुंबं शहराच्या गारखेडा परिसरात एक-दोन गुंठ्यांचे तुकडे घेऊन घरं बांधू लागली. पुंडलिकनगर, हनुमाननगर या वस्त्या अशाच दाट होत गेल्या. तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कामगारांचं शहर ही ओळख याच वस्त्यांनी मिळवून दिली.

या शहरात रुजलेला एक धंदा बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो, तो म्हणजे वायर हार्नेस. गाडीच्या हेडलाइटपासून इंडिकेटरपर्यंतच्या सगळ्या वायरी बोर्डावर अंथरायच्या, टोकांना टर्मिनल क्रिम्प करायचे, ते कपलरमध्ये खोचायचे, वरून टेप गुंडाळायची. १९९९ मध्ये इथे सुरू झालेली धूत ट्रान्समिशन आज दुचाकी-तीनचाकींचे हार्नेस बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जाते. वाहनांच्या लाइनवरचा नियम साधा असतो: कपलर दाबायचा, ‘टक’ आवाज ऐकायचा, मग उलटा ओढून बघायचा. तिन्ही झाल्याशिवाय जोड बसला असं कुणी मानत नाही, कारण ढिला राहिलेला एक टर्मिनल चालती गाडी रस्त्यात बंद पाडतो.

संगणकाच्या जगाला हा धडा फार उशिरा आणि महागात मिळाला.

संगणकातल्या पॉवरच्या जोडाचा इतिहास तसा जुना आहे. एएमपी या अमेरिकी कंपनीने १९६३ मध्ये ‘मेट-एन-लॉक’ जोड बाजारात आणले. त्यातला चार पिनांचा पांढरा जोड पुढे फ्लॉपी आणि हार्ड डिस्कला लागला, आणि दुकानदारांनी त्याला सरसकट ‘मोलेक्स’ म्हणायला सुरुवात केली. ग्राफिक्स कार्डाला तेव्हा वेगळी वायर लागतच नसे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळेल तेवढ्या विजेवर त्याचं भागायचं. २००० मध्ये थ्रीडीएफएक्सच्या वूडू ५ ५५०० कार्डाला ती पुरेना, म्हणून हार्ड डिस्कचीच वायर त्याला जोडली गेली. २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रोने तर फ्लॉपीचा चिमुकला जोड उसना घेतला. मग पीसीआय एक्सप्रेस या नव्या स्लॉटच्या काळात गणित ठरलं: स्लॉटमधून ७५ वॉट, सहा पिनांच्या वायरीतून ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५०.

हे आठ पिनांचं गणित उदार होतं. १५० वॉट म्हणजे बारा व्होल्टवर साडेबारा अँपिअर, तो तीन पिनांत वाटला की प्रत्येकीला सव्वाचारच्या आत. पिनेची ताकद त्याच्या जवळजवळ दुप्पट. एखादी पिन थोडी ढिली राहिली तरी बाकीच्या दोघी भार सांभाळून घेत. पंधरा वर्षं हा जोड कुणाच्या चर्चेतही आला नाही, यातच त्याचं मोठेपण आहे.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड विक्रीला आलं, ४५० वॉटचं. त्यावरच्या नव्या जोडाचं नाव १२ व्हीएचपीडब्ल्यूआर. आकार साधारण जुन्या आठ पिनांच्या जोडाएवढाच, पिनांमधलं अंतर ४.२ मिलिमीटरवरून ३ वर आलेलं, आणि क्षमता तब्बल ६०० वॉट. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगमधून ६०० वॉट जातात तेव्हा प्रवाह असतो २.६ अँपिअर. बारा व्होल्टवर तेवढ्याच वॉटसाठी प्रवाह ५० अँपिअर होतो. सहा पिनांत वाटला तर प्रत्येकीवर ८.३ अँपिअर, आणि पिनेची मर्यादा साडेनऊच्या आसपास. मोटारसायकलचा स्टार्टर बारा व्होल्टवर असाच मोठा प्रवाह ओढतो, म्हणून त्याला जाड केबल नट-बोल्टने कसलेली असते. संगणकात मात्र बोटभर प्लास्टिकच्या जोडावर भिस्त ठेवली गेली.

विक्री सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच वितळलेल्या जोडांचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हीडियाने जगभरातली सुमारे ५० प्रकरणं मान्य केली आणि जोड पूर्ण आत न बसणं हे कारण सांगितलं. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. अर्धवट बसलेला जोडही कार्ड चालू करत असेल तर चूक फक्त बसवणाऱ्याची कशी? २०२३ मध्ये जोडाची रचना बदलली तेव्हा हेच अप्रत्यक्षपणे कबूल झालं: पॉवरच्या पिना पाव मिलिमीटरने लांबवल्या, आणि जोड लागल्याची खबर देणाऱ्या चार छोट्या पिना दीड मिलिमीटरने आखूड केल्या. जोड नीट बसला नाही तर कार्डाला खबरच मिळत नाही आणि ते वीज ओढत नाही.

तरीही आग विझली नाही. जानेवारी २०२५ मध्ये ५७५ वॉटचं आरटीएक्स ५०९० आलं आणि पुढच्याच महिन्यात जर्मनीचे हार्डवेअर यूट्यूबर रोमन हार्टुंग यांनी एका वायरीत २२ अँपिअरहून जास्त प्रवाह मोजला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते; ८.३ चे २२ झाले की त्या एका पिनेवरची उष्णता सातपट होते. कार्डावर सहाही वायरी एकाच ठिकाणी एकत्र येतात, त्यामुळे कमी विरोध असलेली वायर जास्त भार ओढते आणि कार्डाला पत्ता लागत नाही. २०२२ च्याच आरटीएक्स ३०९० टीआयमध्ये वायरींचे तीन गट वेगळे ठेवले होते. ती चांगली रचना सोडून देणं ही या सगळ्या कथेतली सर्वांत मोठी चूक आहे.

पुंडलिकनगरच्या पुढच्या पिढीच्या टेबलांवर आता याच जातीची कार्डं येऊ शकतात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं, बिल्डरसाठी घरांची थ्रीडी चित्रं काढणं ही कामं मोठं कार्ड मागतात आणि कार्ड तासन्‌तास पूर्ण भारावर चालतं. अशा वेळी बिघाडाची पहिली खूण ओळखता आली पाहिजे: भार चढताच स्क्रीन काळी होते, पंखे जोरात फिरत राहतात, किंवा प्लास्टिक तापल्याचा वास येतो. मग मेन स्विच बंद करून, कॅबिनेट उघडून, टॉर्चच्या उजेडात जोडाची कड बघायची. प्लग आणि सॉकेट यांच्यात रेघभरही फट दिसता कामा नये. जोडाजवळ निदान ३५ मिलिमीटरपर्यंत वायर सरळ हवी. कॅबिनेटची काच ती दाबत असेल तर कॅबिनेटच बदललेलं बरं. पॉवर सप्लायबरोबर आलेलीच केबल वापरायची, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबलींचं सप्लायकडचं टोक सारखं दिसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. जोड परत परत काढून बघण्याचा मोहही टाळायचा; तो साधारण ३० वेळा लावण्याकाढण्यापुरताच बनवलेला असतो.

पिन काळवंडली असेल तर ती घासून पुन्हा लावणं घातक आहे. तापल्याने टर्मिनलच्या आतली स्प्रिंग मऊ पडते आणि पकड कायमची जाते. दुरुस्तीवाला कार्डावरचा जोड डीसोल्डर करून नवा बसवू शकतो, पण जुनी केबल तिथे पुन्हा लावली तर तो नवा जोडही तिच्याबरोबर जळतो. म्हणून कार्ड दुरुस्तीला देताना केबलही नवीन घ्यायची, आणि तिचं सप्लायकडचं टोकही तपासायचं. हार्टुंग यांच्या मोजणीत सर्वांत जास्त, दीडशे अंशांच्या आसपास, तापलं होतं ते तेच टोक.