‘चॉप-इंटेंड’चे गुण

‘चॉप-इंटेंड’चे गुण : अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयावरून या मोजपट्टीला नाव पडले. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या पहिल्या प्रकारातील बाळांना उपचाराविना आधार सोडून बसताही येत नाही; त्यामुळे बसण्या-उभे राहण्यावर बेतलेल्या चाचण्यांत ती जवळपास शून्यावरच अडकत. इथे हाताची पकड, डोके मध्यावर धरणे, कुशीवर वळणे अशा १६ गोष्टी पाहतात. प्रत्येकीला ० ते ४, एकूण ६४ गुण. भुकेले, पेंगुळलेले बाळ कमी गुण मिळवते, म्हणून तपासणीच्या वेळी ते कसे होते हेही नोंदवतात. (फिजिओथेरपिस्टचे निम्मे कसब बाळाला राजी ठेवण्यातच असते.) उपचाराविना हे गुण सहसा घटत जातात. म्हणूनच नुसिनर्सेन औषधाच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निदान ४ गुणांची वाढ हा निकष पुरेसा ठरला : औषध मिळालेल्यांपैकी ७१ टक्के बाळांनी तो गाठला, न मिळालेल्यांपैकी ३ टक्क्यांनी. मात्र ‘६४ पैकी ४०’ हे शाळेतल्या गुणांसारखे वाचणे पटण्यासारखे नाही. बसू शकणाऱ्या मुलांसाठीची विस्तारित हॅमरस्मिथ मोजपट्टी वेगळी, ३३ कृतींची व ६६ गुणांची आहे. वाचकांनी दोहोंच्या आकड्यांची तुलना करू नये. – संपा.