मुलाच्या थेरपी टीममधली माणसं आली कुठून?

हिंजवडीतले पालक फाईल पुढे ठेवून विचारतात, "डॉक्टर, ओटी, स्पीच, एबीए... यातलं नेमकं कोण काय करतं?" ऑटिझमची ही टीम एका दिवसात बनलेली नाही, एकेक जण वेगळ्या वाटेने आला.

ऑक्युपेशनल थेरपी आपल्याकडे आधी आली. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये तिचं शिक्षण सुरू केलं. बटण लावणं, दात घासणं, स्पर्श-आवाज सहन होणं हे ओटीचं काम. बोलणं आणि संवाद स्पीच थेरपिस्टचं.

वर्तनोपचार, म्हणजे एबीए, कॅलिफोर्नियातून आला. इव्हार लोवास मुलांना आठवड्याला 40 तास शिकवत. एकट्या तज्ज्ञाला एवढे तास देणं अशक्य, म्हणून विद्यार्थी शिकवत आणि तज्ज्ञ देखरेख करत. (तेव्हा शिक्षाही होत असे. माझ्या मते ते तेव्हाही चूकच होतं.) 1987 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले आणि ही रचना रुळली: मूल्यमापन करून योजना आखणारा बिहेविअर अ‍ॅनालिस्ट, रोज मुलासोबत बसणारा टेक्निशियन.

आपल्याकडे गोंधळ इथेच होतो. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. बिहेविअर अ‍ॅनालिस्ट कायद्याच्या यादीत आला तो 2021 मध्ये. म्हणून फी भरण्याआधी केंद्रात विचारा: योजना कोणी लिहिली, त्यांचं शिक्षण काय, आणि त्यांनी तुमच्या मुलाला शेवटचं कधी पाहिलं?