कुलेब्राची खिंड आणि वाफेची फावडी

नोव्हेंबर 1906 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचं काम पाहायला गेले आणि ऐन पावसात ब्युसायरस कंपनीच्या 95 टनी वाफेच्या फावड्यावर, चालकाच्या जागी जाऊन बसले. ते छायाचित्र जगभर गाजलं. तेव्हापासून या खोदकामाचा इतिहास यंत्राच्या आणि चालकाच्या पराक्रमाचा म्हणून सांगितला जातो. पराक्रम खराच होता; एका खेपेत आठेक टन माल उचलणारी ती वाफेची फावडी नसती तर कालव्याच्या वाटेतला कुलेब्राचा डोंगर फुटला नसता. पण अशा यंत्राजवळ माणूस कशामुळे मरतो आणि कशामुळे वाचतो, हे समजायचं तर यंत्राच्या पायथ्याशी राबणाऱ्यांकडे बघावं लागतं. कुलेब्रात त्यांच्या निष्काळजीपणाला जेवढा दोष दिला गेला, त्याहून कितीतरी मोठा दोष कामाच्या मांडणीत होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते फावडं रुळांवर चालायचं. आतला चालक बकेट उचलायचा आणि बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, फिरवायचा. दुसरा माणूस बूमलगतच्या फळीवर उभा राहून बकेट डोंगरात रेटायचा आणि गाडीवर आली की तिचा तळ उघडायचा. यंत्र कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना जॅक असत. त्यांच्याखाली ठोकळे सारणं, समोरचं खोदून झालं की रुळांचे तुकडे पुढे आणून अंथरणं, घरंगळलेले दगड हटवणं ही कामं खालच्या मजुरांच्या टोळीची. म्हणजे त्यांची नेमलेली जागाच बूमच्या फेऱ्यात होती. शेजारच्या रुळांवरून माल भरायच्या गाड्यांची ये-जा अखंड चाललेली. फावड्याचा धडधडाट आणि वाफेचा फुत्कार यांत मागून येणाऱ्या इंजिनाची शिट्टी कितीशी ऐकू येणार? त्यात सुरुंगांची भर. न उडालेला डायनामाइट मातीत राहून जाई आणि बकेटचे दात लागले की फुटे. 12 डिसेंबर 1908 रोजी खिंडीतल्या बास ओबिस्पो इथे सुमारे 22 टन डायनामाइट वेळेआधीच उडालं आणि वीसहून अधिक माणसं गेली. ‘जपून काम करा’ ही सूचना अशा ठिकाणी कुणाला वाचवणार होती?

शिवाय घाईसुद्धा नेमून दिलेली होती. 1907 पासून निघू लागलेल्या ‘कॅनल रेकॉर्ड’ या सरकारी साप्ताहिकात कोणत्या फावड्याने किती घनयार्ड माती काढली याचे आकडे छापून येत आणि फावड्या-फावड्यांत चुरस लागे. आकड्यांसाठी धडपडणाऱ्या फावड्याखाली तासाला दहा सेंटवर उभा असलेला बार्बाडोसचा मजूर आपला वेग स्वतः ठरवू शकत नव्हता. 1908 च्या अमेरिकी कायद्याने जायबंदी झालेल्यांना वर्षभरापर्यंतचा पगार मिळण्याची सोय झाली, पण अपघात कामगाराच्याच हलगर्जीने झाला असेल तर भरपाई नाही, अशी अट त्यात होती. धोका मांडणीतून यायचा आणि झाडा मात्र मजुराने द्यायचा.

यावर कुणी म्हणेल, त्या काळी एवढी जाण कुणाला होती? मला हे पटत नाही, आणि त्याचा पुरावा कालव्याच्या प्रशासनानेच दिला आहे. कालव्याचे आरोग्यप्रमुख डॉ. विल्यम गॉर्गस यांनी पिवळ्या तापाशी लढताना मजुरांना डासांपासून सांभाळून राहण्याचा नुसता उपदेश केला नाही. घरं धुरावली, पाणवठ्यांवर तेल सोडलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. पनामा शहरातला तो ताप 1905 संपता संपता नाहीसा झाला. धोका माणसाच्या सवयीत न शोधता भोवतालात शोधायचा आणि तिथेच तो तोडायचा, ही रीत त्या प्रशासनाला पुरती ठाऊक होती. फावड्यापाशी ती तेवढ्या निर्धाराने वापरली गेली नाही. कालवा खोदण्याच्या आधीच्या फ्रेंच प्रयत्नात याहून कितीतरी जास्त माणसं मेली हे खरं, पण ती मुख्यतः तापाने. त्या तुलनेने गॉर्गस यांचं यश सिद्ध होतं, खिंडीतल्या कामाची मांडणी निर्दोष ठरत नाही. 1904 ते 1914 या काळात रोग आणि अपघात मिळून अधिकृत मृत्यू 5,609 आहेत आणि त्यांतले बहुसंख्य वेस्ट इंडीजचे मजूर होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेवटी चालकाचं कसबच माणसं वाचवतं. कसब लागतंच, त्यात वाद नाही. पण आज आपल्या रस्त्यांच्या कामावर पोकलेन चालवणारा कितीही मुरलेला असो, उजव्या अंगाला बूम त्याची नजर अडवते आणि यंत्र वळताना मागचं वजन ज्या बाजूला फिरतं ती बाजू त्याला नीट दिसत नाही. तिथे उभा असलेला हेल्पर चालकाच्या हुशारीने वाचत नाही. फेऱ्याभोवती अडथळे लावलेले असतील, इशारा देणारा माणूस चालकाला दिसेल अशा जागी उभा असेल आणि फेऱ्यात कुणी शिरताच यंत्र थांबत असेल, तर वाचतो. या तिन्ही गोष्टी काम सुरू होण्याआधी ठरवाव्या लागतात आणि त्या ठरवण्याचा अधिकार ठेकेदाराकडे आणि साइट इंजिनिअरकडे असतो, हेल्परकडे नसतो.