कॅप्लासिझुमॅब
कॅप्लासिझुमॅब (व्यापारी नाव: कॅब्लिव्ही) हे प्रतिरक्षाजन्य थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा (टीटीपी) या दुर्मीळ रक्तविकारावरील औषध आहे. बेल्जियममधील ॲब्लिंक्स या कंपनीने ते विकसित केले. त्यास युरोपीय संघात २०१८ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

रोगाचे स्वरूप
व्हॉन विलेब्रँड घटक हे रक्तातील प्रथिन जखमेच्या जागी बिंबाणूंना (प्लेटलेट) धरून ठेवते. त्याच्या अतिदीर्घ साखळ्या तोडण्याचे काम ॲडॅम्ट्स-१३ हे विकर करते. टीटीपीमध्ये शरीर या विकराविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. न तुटलेल्या साखळ्यांना बिंबाणू चिकटून सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात व मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा पोहोचते. एली मॉशकोविट्झ यांनी १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथील १६ वर्षांच्या मुलीच्या आजारावरून या रोगाचे प्रथम वर्णन केले. उपचारांविना सुमारे ९० टक्के रुग्ण दगावत. रक्तद्रव-विनिमयाच्या (प्लाझ्मा एक्सचेंज) उपचाराने हे प्रमाण १० ते २० टक्क्यांवर आले.

कार्यपद्धती
उंटाच्या कुळातील लामासारख्या प्राण्यांच्या रक्तात आढळणाऱ्या लहान प्रतिपिंडांवर हे औषध आधारलेले आहे. ते व्हॉन विलेब्रँड घटकास जखडते, त्यामुळे बिंबाणू त्यास चिकटू शकत नाहीत. मात्र विकाराचे मूळ असलेली प्रतिपिंडे त्याने नष्ट होत नाहीत. म्हणून सोबत रक्तद्रव-विनिमय, स्टेरॉइड व बहुधा रिटुक्सिमॅब द्यावे लागते. पहिली मात्रा शिरेतून व पुढील मात्रा रोज त्वचेखाली देतात. रक्तद्रव-विनिमय थांबल्यावरही साधारण ३० दिवस औषध चालू ठेवतात.

परिणामकारकता
१४५ रुग्णांवरील ‘हर्क्युलिस’ चाचणीत उपचारकाळात मृत्यू, रोगाची पुनरावृत्ती किंवा गंभीर रक्तगुठळी यांपैकी काही घडण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १२ टक्के, तर इतरांत ४९ टक्के होते. नाक व हिरड्यांतून रक्तस्राव हा प्रमुख दुष्परिणाम होय.

निदानाचे महत्त्व
महाराष्ट्रात पावसाळ्यात ताप व घटलेले बिंबाणू दिसताच प्रथम डेंग्यूचा संशय येतो. टीटीपीत त्यासोबत रक्तक्षय असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींचे तुकडे दिसतात. अशा रुग्णास बिंबाणू चढवणे सहसा टाळतात. उमरोळी, बोईसर यांसारख्या महानगरापासून दूरच्या गावांतील रुग्णांसाठी रक्ताच्या साध्या काचपट्टीवरून वेळीच आलेली शंका निर्णायक ठरते. कारण रक्तद्रव-विनिमयाची सोय मोठ्या रुग्णालयातच असते आणि विलंब जिवावर बेततो.