ॲक्रिलिक, जेल की प्रेस-ऑन? नखं लावण्याआधी पार्लरमध्ये काय विचारायचं?

कार्तिकी एकादशीची गर्दी पंढरपुरातून ओसरायला लागते, तुळशीची लग्नं लागतात आणि मग माणसांच्या लग्नाच्या तारखा सुरू होतात. पार्लरची वही भरते ती तेव्हापासून. पूर्वी या वहीत फेशियल, मेंदी, हेअरस्टाइल आणि साडी नेसवणं एवढंच असायचं. आता त्यात 'नेल्स' हीसुद्धा एक नोंद असते. मुलगी येते, मोबाइलवरचा फोटो पुढे करते आणि म्हणते, "ताई, मला सेम असेच पाहिजेत."

फोटोत लांबी, रंग, खडे सगळं दिसतं. नख कशाचं बनवलंय ते मात्र दिसत नाही. हुबेहूब तसंच दिसणारं नख चार-पाच पद्धतींनी तयार करता येतं. त्यातली कोणती पद्धत निवडली, यावर ते किती दिवस टिकणार, कसं निघणार आणि काढल्यावर खालचं खरं नख कोणत्या अवस्थेत उरणार, हे ठरतं. म्हणून फोटो बघून झाल्यावर दोन प्रश्न विचारायला हवेत. पुढचे तीन आठवडे हे हात काय काम करणार आहेत? आणि ही नखं काढणार कोण?

सगळ्यांचं रसायन एकाच घराण्यातलं

नावं बरीच असली तरी ॲक्रिलिक, जेल, पॉलिजेल, डिप पावडर ही सगळी ॲक्रिलेट या रसायनांच्या घराण्यातली भावंडं आहेत. तुळशीची माळ डोळ्यासमोर आणा. सुटे मणी म्हणजे मोनोमर आणि ओवलेली माळ म्हणजे पॉलिमर. बाटलीत किंवा डबीत मणी सुटे किंवा छोट्या छोट्या तुकड्यांत असतात, नखावर त्यांची माळ ओवली जाते आणि थर कडक होतो. फरक आहे तो माळ कशी ओवली जाते, यात.

ॲक्रिलिकमध्ये द्रव मोनोमरमध्ये ब्रश बुडवून त्यावर पावडर उचलतात. हे मिश्रण हवेतच कडक होतं, त्याला लॅम्प लागत नाही. याची सुरुवात दातांच्या दवाखान्यातली आहे. १९५० च्या दशकात फ्रेडरिक स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्याने दातांसाठी वापरतात ते ॲक्रिलिक लावून ते दुरुस्त केलं. लांब आणि मजबूत नखांसाठी आजही ॲक्रिलिकच घेतात. पण वास उग्र असतो, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मिश्रण भराभर आवळतं. हात बसलेला नसेल तर आकार द्यायच्या आत गोळा कडक होऊन जातो.

जेल यूव्ही किंवा एलईडी लॅम्पखाली कडक होतं. इथे एक घोळ नेहमी होतो. जेल पॉलिश वेगळं आणि बिल्डर जेल वेगळं. जेल पॉलिश म्हणजे टिकाऊ नेलपॉलिश, त्याने नख लांब होत नाही. लांबी आणि जाडी देतं ते बिल्डर जेल. त्यातही दोन जाती आहेत. सॉफ्ट जेल ॲसिटोनमध्ये भिजवून निघतं, हार्ड जेल ॲसिटोनला दाद देत नाही, ते घासूनच काढावं लागतं. आपल्याला यातलं काय लावलंय, हे बहुतेकींना ठाऊक नसतं. तयार आकाराची सॉफ्ट जेलची पूर्ण टिप नखावर जेलनेच चिकटवायची, ही पद्धत अलीकडे बरीच चालते. वेळ कमी लागतो आणि भिजवून निघते, पण टिपचं माप नखाच्या रुंदीला बरोबर बसायला हवं.

पॉलिजेल हा दोन्हींच्या मधला प्रकार, ट्यूबमधून येतो आणि लॅम्पखाली कडक होतो. डिप पावडरमध्ये खाली सायनोॲक्रिलेट म्हणजे फेविक्विकच्या जातीचा चिकट द्रव आणि वर पावडर. एकाच डबीत दहा जणींची बोटं बुडत असतील, तर तिथे डिप करून घेऊ नका. पावडर चमच्याने नखावर ओतूनही लावता येते.

प्रेस-ऑन म्हणजे तयार प्लास्टिकची नखं, चिकटपट्टीने किंवा गोंदाने लावायची. बऱ्याच पार्लरमध्ये त्यांच्याकडे नाक मुरडलं जातं. माझं मत उलट आहे. साखरपुडा, डोहाळजेवण, एखादं फोटोशूट, अशा एका दिवसाच्या कामाला चिकटपट्टीच्या प्रेस-ऑनइतकी शहाणी निवड दुसरी नाही. गोंद वापरला तर तो सुती साडीवर सांडू देऊ नका. सुती कापडावर हा गोंद इतका तापतो की खालची कातडी भाजू शकते.

भाकरी, कुंकू आणि इंजेक्शन

आता हातांकडे येऊ. ज्वारीची भाकरी थापताना बोटं परातीवर सपाट पडावी लागतात. नख बोटाच्या टोकापुढे आलं की ती तशी पडत नाहीत आणि पीठ नखाखाली जाऊन बसतं. ओलं पीठ, ओलावा आणि कडेने किंचित सुटलेलं कृत्रिम नख एकत्र आलं की संसर्गाला जागा तयार होते. कृत्रिम नखाखाली कधी कधी हिरवट डाग दिसतो, तो बहुतेकदा स्यूडोमोनास या जिवाणूमुळे पडतो. त्यावर नवा थर चढवून तो झाकायचा नाही, नख काढून डॉक्टरांना दाखवायचं. म्हणून रोज चुलीसमोर किंवा शेतात काम असलेल्या बाईला लांब टिप लावण्यात अर्थ नाही. तिला हौस असेल तर तिच्याच नखावर, टोकाच्या आत राहील असा सॉफ्ट बिल्डर जेलचा पातळ थर द्यावा. त्याला ओव्हरले म्हणतात.

कुंकू-बुक्क्याच्या दुकानात दिवसभर पुड्या बांधणाऱ्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे. तिचं नख तुटत नाही, रंगतं. फिकट रंग आणि मॅट टॉप कोट या दोन्हींवर डाग लगेच चढतात. चकचकीत टॉप कोट आणि गडद रंग घेतला तर निभावतं.

नर्स, दवाखान्यात काम करणाऱ्या मावशी, ऑपरेशन थिएटरमधल्या मुली यांना मात्र सरळ नाही म्हणावं. रुग्णाला थेट हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय. गरोदर बाईलाही हे आधी सांगायला हवं. ऑपरेशनच्या वेळी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात आणि नखावरचा रंग व जाड थर त्या मोजणीत अडथळा आणू शकतो. बाळंतपणाची तारीख जवळ आली असेल तर नखं नकोतच.

मधुमेह असेल, नखाला बुरशी असेल किंवा नखाभोवतीची कातडी सुजलेली असेल तर आधी डॉक्टर, मग पार्लर. पैसे परत करायची वेळ आली तरी चालेल.

नवरीच्या हातांचा क्रम

लग्नात खरी अडचण क्रमाची असते. मेंदीच्या नंतर नखं लावायला बसलं की ॲसिटोन आणि स्पिरिटने बोटांवरची मेंदी उतरायला लागते. म्हणून नखं मेंदीच्या आधी. पण मग हळद नखं लावल्यावर येते आणि हळदीतलं कर्क्युमिन जेललाही सोडत नाही, ॲक्रिलिकलाही नाही. फ्रेंच टिप किंवा फिकट गुलाबी नखं हळदीच्या फोटोनंतर पिवळट दिसायला लागली, तर त्यात पार्लरवालीचा दोष नसतो.

यावर उपाय आहेत. नखांवर चकचकीत, पूर्ण कडक झालेला टॉप कोट हवा. हळदीआधी नखांना आणि नखांखाली खोबरेल तेल लावून ठेवावं. हळद उतरवल्यावर लगेच स्पिरिटच्या बोळ्याने प्रत्येक नख पुसून घ्यावं. कर्क्युमिन स्पिरिटमध्ये विरघळतं आणि उन्हातही फिकं पडतं, त्यामुळे थोडा उरलेला पिवळेपणा दोन-तीन दिवसांत कमी होतो. पण लग्न दुसऱ्याच दिवशी असतं! तेव्हा नवरीला मरून, वाइन किंवा सोनेरी चमकीचा रंग सुचवणं जास्त व्यवहाराचं. आणि जिला कधीच लांब नखांची सवय नव्हती, तिला लग्नाच्या आदल्या दिवशी सर्वांत लांब टिप लावली तर मंगळसूत्राचा फासा, साडीची पिन, वरमाला सगळ्याला दुसऱ्याचे हात लागतात.

एकदा झालेली ॲलर्जी परत जात नाही

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. माळेतले ओवलेले मणी त्वचेत शिरत नाहीत, सुटे मणी शिरतात. कडक न झालेलं जेल किंवा ओलं ॲक्रिलिक नखाभोवतीच्या कातडीला पुन्हा पुन्हा लागलं की शरीर एक दिवस त्याला शत्रू ठरवतं. मग बोटांच्या टोकांना खाज, लाली, भेगा येतात, नख मुळापासून सुटायला लागतं, कधी पापण्यांवर आणि मानेवर पुरळ येतं, कारण दिवसभर हात तिथे जातो.

ही ॲलर्जी साधारणपणे जन्मभराची असते. आणि ती नखापुरती राहीलच असं नाही. ॲक्रिलेट दातांच्या सिमेंटमध्ये आणि फिलिंगमध्ये असतात, गुडघा बदलताना वापरतात त्या सिमेंटमध्येही असतात. वीस-बावीस वर्षांची असताना झालेली ॲलर्जी पुढे दातांच्या डॉक्टरांना सांगावी लागते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हेमा नावाच्या सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या मोनोमरवर युरोपियन युनियनने २०२० मध्ये नियम करून तो फक्त व्यावसायिक वापरापुरता ठेवला.

सगळ्यांत जास्त धोका गिऱ्हाइकापेक्षा नखं करणाऱ्या मुलीला असतो. ती दिवसाला पाच-सहा जणींची नखं करते. नायट्राइलचे हातमोजे, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे, धूळ उडते तेव्हा मास्क आणि खिडकी उघडी, एवढं तिने स्वतःसाठी करायला हवं. पातळ लॅटेक्सच्या हातमोज्यांतून मोनोमर लवकर आरपार जातो.

गिऱ्हाइकाने काय बघायचं? जेल कातडीवर सांडलं तर लॅम्पमध्ये हात घालण्याआधी ते पुसलं जातं का, ते बघा. नखाच्या मुळाशी केसाएवढी जागा मोकळी सोडली आहे का, ते बघा. लॅम्प त्याच जेलला योग्य आहे का, हे विचारा. जाड थर आणि कमजोर लॅम्प असेल तर वरून नख कडक लागतं, आत मात्र सुटे मणी राहतात. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त किटवर घरी स्वतः प्रयोग करताना नेमकं हेच होतं. 'हेमा-फ्री' लिहिलेली बाटली म्हणजे ॲलर्जी होणारच नाही असंही नाही, कारण घराण्यातले बाकीचे नातेवाईक तिच्यात असतात.

लॅम्पच्या किरणांबद्दलही विचारलं जातं. २०२३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या पेशींवर सलग २० मिनिटं या लॅम्पचा प्रकाश टाकल्यावर पेशींचं नुकसान दिसलं होतं. पार्लरमध्ये एका थराला साधारण ३० ते ६० सेकंद लागतात आणि हातावर त्वचेचा थर असतो, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. तरी हाताला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन किंवा बोटं उघडी राहणारे हातमोजे घालायला काय हरकत आहे?

बाटलीवर काय लिहिलंय?

ॲक्रिलिकच्या द्रवात एमएमए म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट नको, ईएमए हवा. अमेरिकेत १९७० च्या दशकात नखं खराब झाल्याच्या तक्रारी आल्यावर निव्वळ एमएमए असलेली उत्पादनं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कोर्टात जाऊन बाजारातून हटवली. एमएमए स्वस्त आहे, म्हणून बिननावाच्या बाटलीत तो असण्याची शक्यता राहते. त्याचं नख इतकं कडक होतं की कुठे अडकलं तर कृत्रिम नख तुटण्याऐवजी खालचं खरं नख उखडतं. ॲसिटोनमध्ये अर्धा तास ठेवूनही मऊ पडत नसेल आणि घासताना आंबूस-गोड, नाकात जाणारा वास येत असेल, तर संशय घ्या. पावडरच्या डबीवर पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट दिसलं तर मात्र घाबरू नका. ती ओवलेली माळ आहे.

आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स नियम २०२० नुसार लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, मुदत आणि घटक हवेत, आयात मालावर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी क्रमांकही हवा. सोलापूर-पुण्याच्या होलसेल बाजारातून किंवा ऑनलाइन आणलेल्या डबीवर हे नसेल तर ती स्वस्त असली तरी परत करावी. जेल कडक करणाऱ्या टीपीओ या घटकावर युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे. नवा माल भरताना 'टीपीओ-फ्री' बघून घेतलेलं बरं.

काढायचं कसं?

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. तीन आठवड्यांत मुळाशी दोनेक मिलिमीटरची फट दिसायला लागते आणि कृत्रिम नखाचा भार पुढे सरकतो, म्हणून ते मधोमध तुटतं. तेव्हा एकतर रिफिल करायचं, नाहीतर काढायचं. दातांनी किंवा दुसऱ्या नखाने उचकटलं तर खऱ्या नखाचे पापुद्रे निघून येतात आणि नख पूर्ण नवं यायला सहाएक महिने लागतात. 'जेलने नखं पातळ झाली' ही तक्रार बहुतेक वेळा उचकटण्याची किंवा ड्रिल मशीन फार खोल चालवल्याची असते.

ॲक्रिलिक, डिप आणि सॉफ्ट जेलसाठी वरचा थर घासून, ॲसिटोनचा बोळा नखावर ठेवून फॉइल गुंडाळायची आणि १५-२० मिनिटं थांबायचं. ॲसिटोन चटकन पेटतो. सकाळी विठ्ठलाच्या फोटोपुढे लावलेली उदबत्ती आणि निरांजन त्या टेबलापासून लांब हवं. प्रेस-ऑन कोमट साबणाच्या पाण्यात आणि तेलात सुटतात.

नवरी लग्नानंतर अकलूजला जाईल, नाहीतर पुण्याला. तिची नखं तिसऱ्या आठवड्यात काढणारी बाई दुसरीच असेल आणि हे हार्ड जेल आहे की सॉफ्ट, हे तिला बघून कळणार नाही. म्हणून पार्लरच्या कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहून द्याव्यात: कोणती पद्धत, कोणत्या कंपनीचा माल, कोणत्या तारखेला लावलं.