आधी फलाट, मग चहा

दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनचे एक चित्र नेहमी कौतुकाने दाखवले जाते. वर जर्मन बॉम्ब पडताहेत, खाली भुयारी रेल्वेच्या फलाटांवर हजारो माणसे आडवी झाली आहेत आणि गणवेशातल्या बायका त्यांना चहा देताहेत. सरकार किती मायाळू! पण हा चहा फलाटापर्यंत पोहोचला कसा?

७ सप्टेंबर १९४० पासून रात्रीमागून रात्र हल्ले सुरू झाले. पहिला मोठा मार बसला ईस्ट एंडला. गोदी कामगार आणि शिवणकाम करणारे गरीब ज्यू यांच्या वस्तीला. भुयारी स्थानकांत आसरा घ्यायला तेव्हा मनाई होती. हे लोक एकदा खाली गेले की कामाला वर येणारच नाहीत, ही साहेबांची भीती. (कष्टकऱ्याबद्दलचा हा संशय ओळखीचा वाटतो ना?) लोकांनी काय केले? तिकीट काढले, फलाटावर उतरले आणि तिथेच मुक्काम ठोकला. सरकारला माघार घ्यावी लागली.

१४ सप्टेंबरच्या रात्री कम्युनिस्ट कार्यकर्ते फिल पिराटिन स्टेपनीतली माणसे, बायकापोरांसकट, घेऊन थेट सॅव्हॉय हॉटेलच्या तळघरात शिरले. तिथे श्रीमंत पाहुण्यांसाठी बिछान्यांची सोय होती. यांनी चहा मागवला, तोही घासाघीस करून परवडेल त्या भावात. भीक नव्हे, गिऱ्हाइकाचा हक्क!

एवढे झाल्यावर मग व्यवस्था जागी झाली. हिवाळ्यापर्यंत खाद्यपदार्थांच्या खास गाड्या भुयारातून धावू लागल्या. रात्रीला सुमारे ७ टन माल. चहा, कोको, गोड पाव. कप आपापल्या घरून आणायचा. हे राबणे मुख्यतः बायकांचे होते, हेही नोंदवले पाहिजे.

मला मात्र या गाड्यांपेक्षा स्पिटलफील्ड्सचे तळघर महत्त्वाचे वाटते. तिथे हजारो माणसे कोंबलेली, घाण आणि अंधार. मिकी डेव्हिस हा ठेंगणा चष्मेवाला पुढे झाला, लोकांची समिती उभी राहिली. मार्क्स अँड स्पेन्सरला गळ घालून त्याने उपाहारगृह सुरू करून घेतले आणि त्याच्या नफ्यातून पोरांना फुकट दूध दिले. पुढे सरकारने तिथे आपला अधिकारी नेमला, तेव्हा लोकांनी मतदान घेतले आणि मिकीलाच निवडले.